अंगणातला बहार : माघ-फाल्गुनात फुलणारी झाडे निवडताना

फेब्रुवारी लागला की आमच्या गावात रोपांचे टेम्पो फिरू लागतात. मागच्या फाळक्यापर्यंत पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स आणि गुलाब अगदी खेटून मांडलेले असतात, सगळे फुलांनी लगडलेले. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला की अर्धा मोहल्ला गोळा होतो. चार-पाचशे रुपये जातात, दारात पाच-सहा कुंड्या येतात आणि घर महिनाभर छान दिसते. एप्रिल उजाडेपर्यंत त्यांतली निम्मी रोपे वाळून जातात. मे महिन्यात लग्नकार्यासाठी आठ दिवस घर बंद राहिले की उरलेली जातात. मग घरोघरी तेच ऐकू येते, "आमच्या हाताला झाडच लागत नाही."

हे वाक्य आम्हाला फार खटकते. ते बोलतात बहुतेक घरातल्या बायका, आणि ऐकून ऐकून शाळेतल्या मुलीही बोलू लागतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीने आपला हात अपयशी आहे असे ठरवून टाकावे, तेही एका वाळलेल्या पिटुनियावरून, ही काही लहान गोष्ट नाही. शिवाय त्यात पैसा जातो आणि पाणीही जाते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. मार्चपासून घरात बादलीबादलीचा हिशेब सुरू होतो आणि पहिली काटछाट कुंड्यांच्या पाण्यात होते. म्हणून वसंताच्या तोंडावर फुलणारी झाडे हवीत, तर ती कशी निवडावीत याचा नीट विचार व्हायला हवा. हात सगळ्यांचे सारखेच असतात. खोट असते ती निवडीत.

टेम्पोतली ती रंगीत रोपे एका हंगामाची असतात. रोपवालेच त्यांना 'सीझनल' म्हणतात. त्यांचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, डिसेंबरपासून फूल येते आणि ऊन तापले की झाड आपले आयुष्य संपवते. फेब्रुवारीत आपण ते विकत घेतो तेव्हा त्याचे फार तर सहा-आठ आठवडे उरलेले असतात. हे कळून घेतले तर काही बिघडत नाही. ईदसाठी, घरातल्या लग्नासाठी दार सजवायचे आहे, तर जरूर घ्यावीत. पण त्यांना पुढच्या वर्षीच्या आशेने पाणी घालत बसणे व्यर्थ आहे. आणि ती स्वस्तात हवीच असतील, तर ऑक्टोबरात दहा-वीस रुपयांचे बियांचे पाकीट आणून मुलांकडून पेरून घ्यावे. मुलांना उगवण बघायला मिळते, तो फायदा वेगळाच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या मुलींना एक काम दिले होते. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत दर शनिवारी आपापल्या मोहल्ल्यात फिरायचे, कोणत्या झाडाला फूल आले ते वहीत लिहायचे आणि त्या झाडाला पाणी कोण घालते हेही विचारायचे. हा शेवटचा रकाना आम्ही सहज म्हणून ठेवला होता. वह्या परत आल्या तेव्हा तोच सगळ्यांत बोलका निघाला. पडक्या वाड्याच्या भिंतीवरची बोगनवेल, बंद घरामागचा शेवगा, शाळेच्या कुंपणाचा गिरिपुष्प, ईदगाहच्या वाटेवरचा पळस यांच्यापुढे मुलींनी लिहिले होते, 'कोणीच नाही'. आधी फुललेल्या बहुतेक झाडांना कोणी तांब्याभर पाणीही घालत नव्हते. एका मुलीने तर वर्गात उभे राहून विचारलेच, "मग पाणी घालायचेच नाही का?"

प्रश्न बरोबर होता, उत्तर थोडे लांबचे आहे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो, पण आपल्या पठारावरच्या झाडांना त्याची चाहूल माघातच लागते. थंड मुलखात वसंत येतो तो बर्फ वितळून, जमिनीत ओल घेऊन. आपल्याकडे उलटे आहे. ऑक्टोबरात पाऊस संपतो, त्यानंतर जमीन रोज थोडी थोडी सुकत जाते आणि फेब्रुवारीत ती चांगलीच कोरडी झालेली असते. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे तोवर पाने टाकून देतात, म्हणजे पानांतून उडून जाणारे पाणी वाचते. पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न खोडात आणि फांद्यांत साठलेले असते, त्यावर ती फुलतात. उघड्या फांदीवरचे लाल फूल मैना, बुलबुल आणि सूर्यपक्ष्यांना लांबून दिसते. पुढे उन्हाळ्यात बी पिकते आणि पहिल्या पावसाला जमिनीवर तयार असते. म्हणजे जे फूल आपण फेब्रुवारीत बघतो, त्याची शिदोरी जुलै-ऑगस्टातच बांधलेली असते.

ही गोष्ट आपल्याकडच्या फळबागवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांनी तिला शब्दही आपल्या ओळखीचा दिला आहे. उर्दूत बहार स्त्रीलिंगी, ती आपणहून येते. मराठी बागायतदाराच्या तोंडी बहार पुल्लिंगी होतो आणि तो 'धरावा' लागतो. डाळिंब, लिंबू, संत्री, मोसंबी यांचे तीन बहार असतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, पावसाच्या सुरुवातीला मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. आंब्याला मोहर येतो त्याच दिवसांतला म्हणून आंबे बहार. विदर्भात त्यालाच आंबिया म्हणतात. फारसीतून आलेला शब्द सांगोल्याच्या डाळिंबवाल्याच्या तोंडात असा रुळला आहे की तो परका होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आम्ही वर्गात हे शब्द फळ्यावर लिहून दाखवतो तेव्हा शेतकऱ्यांची मुले उर्दूच्या तासाला पहिल्यांदाच हात वर करतात.

बहार धरण्याची रीत अशी. फुले हवीत त्याच्या आधी झाडाचे पाणी तोडायचे. याला 'ताण देणे' म्हणतात. जमिनीतल्या झाडाला महिना-दीड महिना ताण लागतो. भारी काळ्या जमिनीत जास्त, मुरमाड जमिनीत कमी. पाने पिवळसर पडतात, काही गळतात, वाढ थांबते. मग माती हलवून शेणखत घालायचे आणि पाणी सुरू करायचे, तेही एकदम पाट न सोडता हळूहळू वाढवत. झाड नव्या पालवीबरोबर फुलावर येते. घरच्या कुंडीतही हेच करता येते, फक्त कुंडीतली माती थोडी असल्यामुळे ती लवकर सुकते. तिथे दिवस मोजण्यापेक्षा पानांकडे बघावे. सकाळीसुद्धा पाने मलूल दिसू लागली की ताण पुरे झाला.

म्हणून घरात एकच झाड लावायचे असेल तर आम्ही कागदी लिंबू सुचवतो. वीत-दीड वीत रुंदीच्या शोभेच्या कुंडीत ते नाखूश राहते. रंगाचा जुना वीस लिटरचा डबा किंवा अर्धा कापलेला ड्रम, तळाला भोके पाडून, त्याला पुरतो. लिंबाच्या फुलाचा वास गॅलरीतून आतल्या खोलीपर्यंत येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची लिंबे पावसाच्या सुरुवातीला हाताशी येतात. रोप घेताना ते बियांचे आहे की कलमी हे विचारून घ्यावे. बियांच्या रोपाला फूल यायला चार-पाच वर्षे सहज लागतात, गुटी कलम त्याच्या आधी फुलते. पानांवर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसले तर ती फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करते. फवारा मारण्याची गरज नाही, हाताने वेचून काढली की झाले. मुलांना दाखवायची असेल तर एखादी बरणीत ठेवावी, तिचे सुंदर काळे-पिवळे फुलपाखरू होते.

लिंबानंतर मोगरा. उर्दूत याला मोतिया म्हणतात आणि कळी पाहिली की हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांत आधी मोगरा फुलतो तो आमच्या एका विद्यार्थिनीच्या दादींच्या अंगणात. शेजारणी तो त्यांच्या हाताचा गुण मानतात. आम्ही एकदा बसून त्यांना सगळे विचारून घेतले. जानेवारीच्या मध्याला त्या मोगऱ्याचे पाणी बंद करतात. दोन आठवड्यांनी जुनी पाने हाताने ओरबाडून काढतात, बारीक आणि वाळक्या फांद्या कात्रीने उडवतात, बाकीचे झाड एक तृतीयांश छाटतात. मग खुरप्याने वरची माती हलवून दोन ओंजळी कुजलेले शेणखत घालतात आणि पोटभर पाणी देतात. मार्चच्या सुरुवातीला कळ्या दिसू लागतात. सून नवी नवी आली तेव्हा बोडका मोगरा बघून रडवेली झाली होती म्हणे. दादी तिला म्हणाल्या, "बेटा, थोडा तरसू दे त्याला, मग बघ."

मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन लागते. सावलीत तो पाने देतो, कळी देत नाही. जिथे ऊनच नाही तिथे मोगऱ्याचा हट्ट सोडलेला बरा. जाती दोन-तीन लक्षात ठेवाव्यात. बटमोगरा भरगच्च, गोल, सावकाश उमलणारा. मदनबाण लांबट टोकदार कळीचा. गजऱ्याला साधा एकेरी मोगराही चालतो आणि तो जास्त फुलतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. वासाच्या वेली म्हणून लोक जाई आणि जुई आणतात आणि मार्चमध्ये फुलांची वाट बघतात. त्या पावसाळ्याच्या. मोगऱ्याच्या आधी काही पांढरे हवे असेल तर कुंद लावावा. त्याला वास जवळजवळ नाही, पण थंडीत सगळे मरगळलेले असताना तो चांदण्यांसारखा फुलतो आणि मोगरा सुरू होईपर्यंत साथ देतो.

भिंत किंवा गच्चीचा कठडा झाकायचा असेल तर निवड मोठी आहे. संक्रांत वेल नावाप्रमाणे संक्रांतीच्या सुमाराला पेटते. नारिंगी नळीसारख्या फुलांचे झुबके इतके येतात की पान दिसत नाही. तिला भक्कम आधार हवा, दोरीवर ती मावत नाही. पेट्रिया तिच्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाने हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागतात आणि फुलांचे निळे-जांभळे घोस लोंबतात. मधले गडद फूल दोन-चार दिवसांत गळते, पण त्याखालची फिकट चांदणी कितीतरी दिवस टिकते, म्हणून वेल महिनाभर फुललेली वाटते. पहिली दोन-तीन वर्षे ती काही करीत नाही, नुसती चढते. इथे बरेच जण कंटाळून उपटतात. आमच्या मते संयम ठेवण्याजोगी ही एकच वेल आहे.

माधवीलतेबद्दल मात्र सावध राहावे. खरी माधवीलता, जिला हळदवेल असेही म्हणतात, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. पांढरी झालरीची फुले, एका पाकळीवर पिवळा डाग, वास मधुर. रोपवाटिकेत त्या नावाखाली सर्रास मधुमालती मिळते, लाल-गुलाबी-पांढऱ्या झुबक्यांची. ती वाईट नाही, पण तिचा हंगाम उन्हाळा-पावसाळ्याचा आणि ती वेल वेगळीच. आमच्या एका सहकाऱ्यांना एका रोपवाटिकेने तीन वर्षे हेच सांगून थांबवले, "येईल, या वर्षी येईल." रोप घेताना फुलाचा फोटो दाखवून विचारणे सोपे. खरी माधवी मिळाली तरी ती फार पसरते, तिला अंगण हवे, गॅलरी नाही.

आणि बोगनवेल. हिला लोक नाक मुरडतात, कारण ती फुकट मिळते. खरे तर पाणीटंचाईच्या गावात हिच्यासारखी मैत्रीण नाही. जितके पाणी कमी, तितका रंग जास्त. रंगीत असतात ती फूल नव्हे, पानेच असतात. खरे फूल आत बारीक पांढरे असते. बोगनवेलीला युरिया घातला, रोज पाणी घातले तर ती हिरवीगार होते आणि रंगाचे नाव काढत नाही. अशी हिरवी बोगनवेल दिसली की समजावे, घरात कुणीतरी फार मायाळू आहे. काटे मोठे असतात, म्हणून जिन्याजवळ आणि मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर लावू नये.

अंगण दहा-पंधरा फूट मोकळे असेल तर एक लहान वृक्ष बसतो. आमची पसंती कांचनला. उर्दूतला कचनार तो हाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने विरळ होतात आणि गुलाबी-जांभळी किंवा पांढरी फुले येतात, एक पाकळी जास्त गडद, रेघांची. उत्तर हिंदुस्थानात याच्या कळ्या खिम्यात घालून शिजवतात. आपल्याकडे ते फारसे कुणी करीत नाही, पण करून बघण्यासारखे आहे. कळ्या उकडून पाणी ओतून द्यायचे म्हणजे तुरटपणा जातो. घेताना वसंतात फुलणारा कांचन, असे स्पष्ट सांगावे. त्याचा भाऊ रक्तकांचन पानाने अगदी तसाच दिसतो आणि फुलतो मात्र पावसाळ्यानंतर.

शेवगा देखणा कमी आणि कामाचा जास्त. फेब्रुवारीत फुलांचे पांढरट तुरे येतात, त्यांवर मधमाश्यांची गर्दी. काही फुलांची भाजी करावी, बाकीच्यांच्या शेंगा होतात. तमिळनाडूतली पीकेएम-१ ही जात बियांपासून सहा-सात महिन्यांतच फुलावर येते. फांद्या ठिसूळ असतात, मुलांना त्यावर चढू देऊ नये आणि पत्र्याच्या छपराला लागून लावू नये. दरवर्षी शेंगा संपल्या की छाटून खाली आणावा, नाहीतर शेंगा कावळ्यांच्या आणि आपण खाली काठी घेऊन.

कोकणातल्या वाचकांचे अंगण आमच्यापेक्षा श्रीमंत. त्यांच्याकडे जागा असेल आणि धीर असेल तर सुरंगी लावावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडाला, जाड फांद्यांना चिकटून पिवळसर फुले येतात आणि त्यांचे गजरे सिंधुदुर्गात विकायला येतात. झाड फार सावकाश वाढते. लावणारा फूल बघेलच असे नाही, नातवंडे बघतील.

पळस, पांगारा, काटेसावर ही घराची झाडे नव्हेत. त्यांना शाळेचे मैदान, ईदगाह, कब्रस्तानची कड अशी मोकळी जागा हवी. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि काटेरी कुंपण, मग ती कुणाचे काही मागत नाहीत. पळस वाढायला दिरंगाई करतो, म्हणून तो आधी लावावा.

आता त्या फुलांविषयी, जी आपल्याकडे पुस्तकांतून आली. उर्दू शिकवताना नर्गिस, लाला, सोसन, सुंबुल ही नावे येतातच आणि दरवर्षी कुणीतरी विचारते, "सर, हे आपल्याकडे लावता येईल का?" ही सगळी थंड मुलखातली कंदांची फुले. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या बाजूला, २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग खुली झाली. मार्चअखेर ते एप्रिल ती फुलते. तिथल्याच हारी पर्वताच्या पायथ्याची बादामवारी त्याच्या थोडी आधी, मार्चमध्ये, बदामाच्या फुलांनी पांढरी-गुलाबी होते. या झाडांना आणि कंदांना हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची कडक थंडी मिळाली तरच वसंतात फूल येते. आमच्या गावी डिसेंबरात पहाटे शाल लागते, पण दुपारी पंखा लावावा लागतो. तेवढ्याने ट्यूलिपचे समाधान होत नाही. शोभेचे डबे बघून महागाचे कंद मागवायचे असतील तर हे ध्यानात असावे.

त्याऐवजी अमरॅलिस लिली घ्यावी. कांद्याएवढा कंद, त्याची मान मातीच्या वर ठेवून लावायचा. हिवाळ्यात पाणी तोडावे, पाने वाळली तरी घाबरू नये. फेब्रुवारीत पुन्हा पाणी सुरू केले की मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या आधी जाड दांडा वर येतो आणि त्यावर दोन-चार मोठी लाल कर्ण्यासारखी फुले. इथेही तोच ताण, तोच बहार. कंद दरवर्षी पिल्ले घालतो, ती नात्यागोत्यात वाटता येतात. फक्त कंद विषारी असतो, तो कांद्यांच्या टोपलीजवळ ठेवू नये.

विषाचा विषय निघालाच आहे तर कण्हेर आणि अडेनियमबद्दलही बोलू. दोन्ही कोरड्या दिवसांत सुरेख फुलतात, दोन्ही कमी पाण्यावर राहतात, दोन्ही सगळे अंग विषारी. अडेनियम छोट्या कुंडीत उंच कट्ट्यावर ठेवता येते. छाटताना त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पण कण्हेर अंगणात नकोच असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण बकरी ईद. सध्या ती मे महिन्यात येते आहे. घराघरांत बकरा आठ-पंधरा दिवस आधी आणतात, अंगणातच बांधतात, हिरवा पाला महाग असतो आणि मुले प्रेमाने जे हाताला लागेल ते तोडून खाऊ घालतात. कण्हेरीची थोडी पाने खाऊनही जनावर दगावते. मुलांना सांगून ठेवले तरी पाहुण्यांची मुले येतातच. बकऱ्याला खाऊ घालायला शेवग्याचा पाला आहे, जास्वंद आहे, बोगनवेलही तो आवडीने खातो.

राहिला पाण्याचा मुद्दा. ताण म्हणजे झाड मारणे नव्हे. कळी दिसल्यापासून मोगऱ्याला, लिंबाला पाणी नियमित लागते, नाहीतर कळ्या गळतात. हे पाणी आणायचे कुठून? आमच्या घरी त्याचे उत्तर वजूच्या पाण्यात मिळाले. नळाखाली वजू केला तर एका माणसाचे दोन-तीन लिटर पाणी सहज वाहून जाते, दिवसातून पाच वेळा. त्यात साबण नसतो, खरकटे नसते. वजूच्या जागेचे सांडपाणी एका पाइपाने मोगऱ्याच्या आळ्यात सोडले आहे. घरात चार माणसे असतील तर उन्हाळ्यातही आळे कधी कोरडे पडत नाही. म्हणूनच ताण द्यायच्या दिवसांत पाइपाचे तोंड उचलून दुसऱ्या झाडाकडे वळवावे लागते. फ्लॅटमध्ये पाइप शक्य नसेल तर खाली टब ठेवला तरी दोन-चार कुंड्या भागतात. कुंडीत वरून नारळाची सोडणे किंवा वाळका पालापाचोळा पसरला की पाणी दुप्पट टिकते. मातीची कुंडी झिरपते आणि लवकर सुकते. एरवी ते चांगलेच, पण आठ दिवस घर बंद ठेवायचे असेल तर अशा कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून, त्यांच्यामधल्या फटींत ओली पोती खोचून ठेवाव्यात.

पाणी द्यायची वेळ पहाटेची. सध्या काही वर्षे रमजान याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आहे. सहरीला घर उठलेलेच असते, फजरनंतर झोपण्याआधी पाच मिनिटांत कुंड्या होतात. संध्याकाळी इफ्तारच्या गडबडीत कुणाचे लक्ष राहत नाही. मोगऱ्याच्या कळ्या असरनंतर खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. त्या मगरिबच्या सुमाराला उमलू लागतात, त्याच वेळी दस्तरखान मांडलेला असतो.

या सगळ्यात खरेदीचा महिना कोणता, हे आतापर्यंत वाचकांनी ओळखले असेल. फेब्रुवारीत फक्त हिंडावे, बघावे, कुणाच्या भिंतीवर काय फुलले आहे ते लिहून ठेवावे, घरवाल्यांशी दोन शब्द बोलून नाव विचारावे. विकत घ्यावे ते जूनच्या शेवटी, दोन चांगले पाऊस झाल्यावर. तेव्हा कांचन, पेट्रिया, संक्रांत वेल रोपवाटिकेच्या कोपऱ्यात नुसत्या हिरव्या उभ्या असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही आणि भावही उतरतो. फुललेले रोप नको, बुटके आणि जाड खोडाचे घ्यावे. पिशवीच्या तळातून मुळांची जाळी बाहेर आलेली असेल तर ते रोप फार दिवस अडकून पडलेले आहे, दुसरे मागावे. पावसाळाभर त्याला पाने करू द्यावीत, ऑक्टोबरनंतर हात आखडता घ्यावा.

मोगऱ्यासाठी तर पैसे द्यायचीही गरज नाही. गेल्या जुलैत दादींनी छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या पाठवून दिल्या. मुलींनी त्यांचे वीतभर तुकडे केले, खालची पाने काढली आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू-माती भरून दोन डोळे मातीत जातील असे खोचले. व्हरांड्यात, पागोळ्यांच्या आत, सगळ्या पिशव्या ओळीने ठेवल्या. महिना-दीड महिन्यात बऱ्याच फांद्यांना पालवी फुटली, काही कुजल्या. जगलेली रोपे मुलींनी सप्टेंबरात घरी नेली. प्रत्येक पिशवीवर आम्ही दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, लावल्याची तारीख आणि 'जानेवारीत पाणी बंद'.